रानाकडच्या पार्किंगला कुणाची हरकत?

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षापर्यंत माझ्या हातून एकही सार्वजनिक काम झालं नव्हतं, आणि याचा मला रास्त अभिमान होता. सोसायटीच्या मीटिंगला मी शेवटच्या रांगेत बसतो. शाळेची सहल काढायची वेळ आली की नेमका त्याच आठवड्यात माझा घसा बसतो. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला जगात हौशी माणसं भरपूर आहेत, त्यांच्या पोटावर आपण का पाय आणावा, असं माझं साधं सरळ तत्त्व. अशा माणसाने गावाबाहेरच्या एका पार्किंगसाठी लोकांच्या दारावरच्या घंट्या वाजवत हिंडावं, हे आमच्या शाळेच्या शिपायालाही खरं वाटत नाही. पण हिंडलो. पुढे काय झालं ते सांगतो. हसायचं असेल तर खुशाल हसा, मला आता सवय झाली आहे.

आमच्या शहरापासून गाडीने वीस मिनिटांवर एक रान आहे. फार मोठं नाही, पण जुनं. उंच झाडं, खाली पाचोळा आणि मधून जाणारी एक सपाट वाट. कधीकाळी तिच्यावरून लाकडाच्या गाड्या जायच्या म्हणे, त्यामुळे अजून ती टेबलासारखी सरळ आहे. रस्ता सोडला की आधी पार्किंग, पार्किंग ओलांडलं की रान. पार्किंग म्हणजे आपलं म्हणायचं. एके काळी तिथे खडी पसरली होती. आता नुसते खड्डे आहेत आणि दोन खड्ड्यांच्या मधे जी उरली आहे ती खडी. सगळ्यात मोठा खड्डा अगदी रानाच्या तोंडाशी. त्याला येणारे-जाणारे सगळे ‘थोरला’ म्हणतात. थोरल्याला वळसा घालायचा तर एका बाजूला झाडांची मुळं आणि दुसऱ्या बाजूला खोल चर. धडधाकट माणूस उडी मारून जातो. आमच्या नानांना उडी मारता येत नाही.

नाना म्हणजे माझे सासरे. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात चौतीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर होते. आलेला प्रत्येक कागद वहीत चढवायचा, त्याला नंबर द्यायचा आणि तो कुठे गेला ते लिहायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाले आणि आमच्याकडे राहायला आले. दर रविवारी रानात जायचे, कधी चुकले नाहीत. दोन वर्षांपूर्वी कंबरेचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण पाय काही पुन्हा उभे राहिले नाहीत. तरी रविवार चुकला नाही. कोरड्या थोरल्याच्या उतारावरून हळूहळू उतरवत-चढवत मी व्हीलचेअर ढकलायचो, नाना रस्ता सांगायचे. वीस वर्षांची ओळख असलेल्या झाडांपाशी थांबायला लावायचे. घरी आल्यावर दोन पोळ्या जास्त खायचे.

मग तो रविवार आला. आदल्या रात्री पाऊस झाला होता आणि थोरला काठोकाठ भरला होता. खड्डा किती खोल आहे ते पाण्यावरून कळत नाही, हे कोणालाही कळतं. मी मात्र म्हणालो, “नाना, काळजी करू नका, मला उताराचा अंदाज आहे.” पुढचं चाक गेलं ते गेलंच. खुर्ची पुढे कलंडली आणि नाना थोरल्यात मांडी घातल्यासारखे बसले. पाणी छातीपर्यंत. टोपी तरंगतेय. समोर एक बेडूक आला, त्याने नानांकडे पाहिलं आणि तो दुसऱ्या बाजूला निघून गेला. नाना ओरडले नाहीत, रागावले नाहीत. माझ्याकडे मान वळवून शांतपणे म्हणाले, “तुम्ही भूगोलच शिकवता ना?”

हसण्यावारी गेलं असतं. पण त्यांना वर काढायला तिथले तीन अनोळखी लोक लागले, आणि बगलेत हात घालून आपल्याला पोत्यासारखं उचलतात, हे नानांच्या मनाला फार लागलं. गाडीत ते एकच वाक्य बोलले, “पुरे झालं. रान माझं बघून झालं.” त्या दिवसापासून नाना घराबाहेर पडले नाहीत. बाल्कनीतसुद्धा नाही. खुर्ची कपाटाकडे तोंड करून लावायची आणि पेपर वाचायचा. पोळी एकच. बायको मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तिसऱ्या आठवड्यात मी जाहीर केलं, “मी ते पार्किंग नीट करून घेणार.”

“कोण? तुम्ही?” बायको म्हणाली. तिच्या आवाजात अविश्वास नव्हता, नुसतं कुतूहल होतं. ते जास्त झोंबलं.

मला वाटलं होतं, एक फोन करायचा. फोनवरच्या माणसाने मला नगररचना कार्यालयाच्या चार नंबरच्या खिडकीवर पाठवलं. चार नंबरच्या खिडकीवर एक अत्यंत सभ्य कारकून बसतो. इतका सभ्य की त्याच्याशी भांडताच येत नाही.

“डांबर आहे,” तो म्हणाला. “रोलर आहे. माणसं आहेत. परवानगी नाही.”

“पार्किंग तर आधीपासून आहे. त्यालाच पुन्हा सपाट करायला परवानगी कशाला?”

त्याने भलामोठा नकाशा उलगडला आणि पेन्सिलीचं टोक ठेवलं. “आमच्या नकाशावर इथे रान आहे. पार्किंग नाही. जे नाहीच, ते दुरुस्त कसं करणार सर?”

“अहो, मी परवाच तिथे गाडी लावली!”

“ते मी ऐकलं नाही असं समजतो,” तो हळूच म्हणाला, “नाहीतर रानात गाडी नेल्याबद्दल वेगळी नोटीस काढावी लागेल.” आणि कोरा फॉर्म पुढे केला. “आजवर कोणी अर्जच केला नाही. तुम्ही करा.”

फॉर्म तिथेच थोडा भरून घरी येतो तोच जिन्यात ‘हायकोर्ट’ भेटले. हे आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. आयुष्यभर कोर्टात टायपिस्ट होते आणि निवृत्तीनंतर निकाल द्यायला लागले. त्यांनी माझ्या हातातला फॉर्म घेतला, मी लिहिलेला मजकूर वाचला आणि चष्मा काढला.

“मास्तर, ‘पार्किंगमध्ये खड्डे पडले आहेत.’ हे काय लिहिलंय? याने कोणाच्या डोळ्यांत पाणी येणार आहे? अर्ज कसा पाहिजे? रडका पाहिजे. वाचणाऱ्याने रुमाल शोधला पाहिजे.”

मी मूळचा गद्य माणूस. पण हायकोर्टांनी मला चढवलं. मी लिहिलं: ‘सदर खड्डा नसून तळे आहे. त्यात बारमाही पाणी असते. बेडकांच्या कित्येक पिढ्या तिथे सुखाने नांदत आहेत.’ हायकोर्ट म्हणाले, “आता आलं अर्जात पाणी.” मलाही वाटलं, काय लिहिलंय! बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “छान आहे, पण बारमाही कुठे असतं हो?” बायकांना साहित्यातलं कळत नाही असं मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हटलं नाही, एवढं शहाणपण माझ्यात आहे.

सोबत जागेचा नकाशा जोडायचा होता. आता नकाशा म्हणजे माझं घरचं अंगण. सत्तावीस वर्षं मी पोरांना नकाशे शिकवतोय. टेप घेऊन गेलो, मोजमाप केलं, होकायंत्राने दिशा घेतली आणि तीन रविवार खपून रंगीत पेन्सिलींनी असा नकाशा काढला की फ्रेम करावा. झाडं हिरवी, चर निळा, थोरला गडद निळा.

पंधरा दिवसांत अर्ज परत. दोन त्रुटी. पहिली: ‘नकाशातील उत्तर दिशा सुमारे साठ अंशांनी चुकली आहे.’

मी पेटलो. तसाच रानाकडे गेलो, होकायंत्र मागच्यासारखंच गाडीच्या बॉनेटवर ठेवलं आणि नकाशाशी ताडून पाहिलं. बरोबर होतं. मग कपाळाला हात लावला, कारण तेव्हा आठवलं की लोखंडाजवळ होकायंत्र भरकटतं, आणि हे मी सातवीच्या वर्गाला दर वर्षी जून महिन्यात सांगतो. नकाशा नव्याने काढला. या वेळी रंग दिले नाहीत.

दुसरी त्रुटी जास्त गंभीर होती: ‘अर्जदाराच्या म्हणण्यानुसार जागेवर बारमाही तळे व त्यात जीवसृष्टी आहे. तळे बुजवण्यापूर्वी निसर्ग निरीक्षकाचा अहवाल जोडावा.’ याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. मी चार नंबरच्या खिडकीवर जाऊन सांगितलं, “अहो, ते तळं नाही, खड्डाच आहे. मी जरा भावनेच्या भरात लिहिलं.”

“मग खोटं लिहिलंत, असं लिहून देता का सर?” कारकुनाने तितक्याच सभ्यपणे विचारलं.

निरीक्षक आले. माणूस गुडघ्याएवढे बूट घालून थोरल्याच्या काठावर दोन तास पालथा पडून होता. मी छत्री धरून उभा. येणारे-जाणारे मला विचारत होते, “काही बुडालंय का?” शेवटी निरीक्षक चिखलाचं तोंड घेऊन उठले, आणि त्या तोंडावर असा काही आनंद होता की मला त्यांचा हेवा वाटला. “एकवीस!” ते म्हणाले. “आणि पिल्लं वेगळी! असलं निवांत कुटुंब मी वर्षात पाहिलं नाही.” अहवालात त्यांनी लिहिलं की काम करायला हवंच, फक्त बेडकांचा विचार व्हावा. बेडकांचा विचार म्हणजे काय, ते लिहिलं नव्हतं.

अर्ज दाखल झाला. आवक क्रमांक पडला. आता नव्वद दिवस लोकांच्या हरकतींसाठी, मग पुढचं. नोटीस मीच पार्किंगच्या खांबाला बांधली. हायकोर्टांनी जिन्यातच निकाल दिला, “हरकत आली की मेलात. आजकाल लोकांना धंदा नाही. तुम्ही असं करा मास्तर, आधीच घरोघर जाऊन सगळ्यांची ना-हरकत घेऊन टाका. तोंडच बंद.”

मला पटलं. पटू नये ते मला चटकन पटतं. मी फुलस्केप कागदांवर रकाने आखले: अनुक्रमांक, नाव, सही, शेरा. शेऱ्याचा रकाना आखला ही माझी मास्तरकीची खोड, आणि तीच नडली. माणसाला मोकळी जागा दाखवली की तो सही करून थांबत नाही. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी लिहिलं, ‘संमती आहे, पण बाक हवा, पाठ टेकायचा.’ कुत्रा फिरवणाऱ्या बाईंनी लिहिलं, ‘प्राण्यांनाही विश्वासात घ्यावे.’ एका दातांच्या डॉक्टरने आधी मला खुर्चीवर बसवून माझी दाढ तपासली आणि मग लिहिलं, ‘सर, संमती. पण आठवीत माझे तीन मार्क कापले होते, नदी बरोबर दाखवूनसुद्धा.’ एका घरात नवऱ्याने दार उघडलं, सही केली आणि आतून आवाज आला, “कशावर सही केलीत? आधी खोडा!” तिथे मी सव्वा तास होतो. हायकोर्टांनी ‘अटी व शर्तींसह संमती’ असं लिहून अटी वेगळ्या दोन पानांवर दिल्या.

पहिली ओळ मी नानांसाठी कोरी ठेवली होती. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यांची सही सगळ्यात वर हवी. कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी मान वर न करता पेपरचं पान उलटलं.

“माझं काय काम तिथे?” ते म्हणाले.

मी कागद घेऊन स्वयंपाकघरात आलो. बायको पाठमोरी होती, भांडी घासत होती. “राहू दे ओळ कोरी,” ती म्हणाली. “तिथे दुसऱ्या कुणाची सही घेऊ नका.”  मी ओळ कोरी ठेवली.

एकशे बारा सह्या झाल्या. चार नंबरच्या कारकुनाने गठ्ठा चाळला आणि उभा राहिला. खरंच उभा राहिला. “माझ्या नोकरीत असा अर्ज पाहिला नाही सर. कुणाचीच तक्रार नाही! पहिली ओळ कोरी का?” मी म्हटलं, घरचा माणूस आहे, करेल. त्याने फाइलला लाल दोरी बांधली आणि अलगद कपाटावर ठेवली. मी मोठ्या समाधानाने घरी आलो.

मग मी दर मंगळवारी जायचो. कारकून हसून म्हणायचा, “चालू आहे सर.” फाइल कपाटावर दिसायची. पहिल्या महिन्यात तिची लाल दोरी दिसायची. दुसऱ्या महिन्यात तिच्यावर दुसऱ्या चार फाइली आल्या. पुढे एक पंखा आला, पाती नसलेला. शाळेत लोक मला “काय सर, झालं का?” म्हणून विचारायचे, आणि ज्याने आयुष्यात कधी कोणाला असं विचारलं नाही त्या माझ्यासारख्याला काय वाटत असेल ते सांगून कळणार नाही. घरी नाना कपाटाकडे तोंड करून. ऑफिसात माझी फाइल कपाटावर. दोघांनाही मी तिथून हलवू शकत नव्हतो.

एका मंगळवारी मी येऊन चपला काढत होतो, तेव्हा पेपरमागून आवाज आला.

“काय म्हणाला तो?”

मी दचकलो. कित्येक महिन्यांत नानांनी स्वतःहून काही विचारलं नव्हतं. “चालू आहे म्हणाला.”

“आवक क्रमांक काय?”

मी सांगितला.

“त्या सगळ्या ना-हरकती अर्जालाच जोडल्यात?”

“एकशे बारा!” मी म्हणालो. “आणि हरकतीची मुदत शुक्रवारी संपतेय. एकसुद्धा आलेली नाही.”

नानांनी पेपर खाली घेतला आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. पहिलीतल्या पोराने अक्षर उलटं काढल्यावर बाई जशा बघतात तसं. मग बायकोला हाक मारली, “अगं, एक पाकीट दे. आणि जरा बऱ्यातला कागद.” बायकोला कोण आनंद झाला. नाना जुन्या मित्राला पत्र लिहिताहेत असं समजून तिने पाकीट स्वतः नेऊन पोस्टात टाकलं. पत्ता वाचायची तिला सवय नाही. सवय असती तर ही गोष्ट इथेच संपली असती.

बारा दिवसांनी ऑफिसचं पत्र आलं: ‘आपल्या अर्जावर मुदतीत एक हरकत प्राप्त झाली आहे. नियमाप्रमाणे पंधरा दिवसांच्या आत अधिकारी जागेवर येऊन पाहणी करतील. अर्जदार व हरकतदार यांनी समक्ष हजर राहावे.’

माझ्या पायांखालची जमीन सरकली. एकशे बारा माणसं एकीकडे आणि हा एक दीडशहाणा एकीकडे! मी शाळेतून अर्धी रजा काढून चार नंबरवर धडकलो. “कोण आहे तो? नाव दाखवा!”

कारकुनाने हरकतीचं पत्र काचेखालून सरकवलं. त्याचा चेहरा फारच अवघडलेला होता. “सर, पत्ता तुमचाच आहे. घरच्या घरी मिटलं असतं तर...”

ते अक्षर मी ओळखत होतो. आमच्या घरातल्या प्रत्येक डब्यावर त्या अक्षरात ‘साखर’, ‘मीठ’ लिहिलेलं आहे. कुंपणानेच शेत खाल्लं होतं. मी घरी कसा आलो ते मला आठवत नाही.

“नाना, तुम्ही हरकत घेतलीत?”

“घेतली.”

“का पण? मी कोणासाठी करतोय हे सगळं?”

“प्रकरण विचाराधीन आहे,” नाना म्हणाले. “अर्जदाराशी मला बोलता येणार नाही.” आणि पेपर वर.

मी जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण बोललो नाही. पुढचे दहा दिवस मीठसुद्धा बायकोमार्फत मागत होतो. “तुझ्या वडलांना सांग,” अशी वाक्यं माझ्या तोंडी आली. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी हे शोभत नाही हे कळत होतं. पण मला वाईट वाटलं होतं, अगदी मनापासून वाईट वाटलं होतं.

पाहणीच्या दिवशी सकाळी बायको माझ्याजवळ आली आणि माझा दंड धरून मला आतल्या खोलीच्या दारापाशी घेऊन गेली. नाना आरशासमोर होते. दाढी केली होती. पांढरा शर्ट इस्त्रीचा. पायांत बूट, पॉलिश केलेले. जे पाय जमिनीला टेकत नाहीत त्यांच्या बुटांना त्यांनी पॉलिश केलं होतं.

“अहो,” बायको कुजबुजली, “नाना बाहेर चाललेत. तुमच्या लक्षात येतंय का? आठ महिन्यांनी बाहेर चाललेत.”

रागाच्या भरात माझ्या हे खरंच लक्षात आलं नव्हतं. हरकतदाराला समक्ष हजर राहावं लागतं. मी एकदम चावी शोधायला लागलो. ती माझ्या हातातच होती.

आम्ही तिघं पोचलो तर पार्किंगला जत्राच जमली होती. अधिकारी मॅडम, एक इंजिनियर, चार नंबरचा कारकून, गुडघाभर बुटांचे निरीक्षक, हायकोर्ट फाइल घेऊन, काकू, दातांचे डॉक्टर, कुत्रा आणि कुत्र्याच्या बाई. मॅडम थोरल्याच्या पलीकडे रानाच्या तोंडाशी उभ्या होत्या. त्यांनी घड्याळ पाहिलं. “हरकतदार कुठे आहेत?”

“इकडे,” नाना गाडीतून म्हणाले. “येतो. वेळ लागेल. तेवढंच बघा.”

मी खुर्ची उघडली, नानांना बसवलं आणि ढकलायला लागलो. पहिल्या खड्ड्यात इंजिनियर मदतीला आला. दुसऱ्यात डॉक्टर. थोरल्याच्या काठावर येऊन खुर्ची थांबली आणि मी घामाघूम झालो. आठ महिन्यांपूर्वीचं सगळं डोळ्यांपुढे आलं. नानांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट आवळलेले दिसले. पुन्हा पोत्यासारखं उचलायचं? मी म्हणालो, “मॅडम, तुम्हीच इकडे या ना.” पण मॅडम आधीच निघाल्या होत्या. त्यांनी थोरल्यात पाय टाकला, तो घोट्याच्या वरपर्यंत गेला, आणि त्यांनी खुर्चीची एक बाजू धरली. इंजिनियरने दुसरी. मी मागून. खुर्ची उचलली, नानांना नाही. नाना ताठ बसले होते, टोपी जागेवर. पलीकडे टेकवल्यावर मॅडमनी बुटातलं पाणी ओतलं आणि इंजिनियरला म्हणाल्या, “लिहून घ्या.”

“काय लिहू?”

“जे झालं ते.”

मग नानांनी खिशातून हरकतीची प्रत काढली आणि वाचली. आवाज खणखणीत. एक: डांबर नको, झाडांच्या मुळांना पाणी मिळणार नाही. बारीक खडी टाकून रोलरने घट्ट दाबावी, पाणी खाली मुरलं पाहिजे. दोन: गाडीपासून रानाच्या वाटेपर्यंत खुर्ची जाईल एवढी सपाट पट्टी सगळ्यात आधी व्हावी, मुळं न तोडता, चराच्या बाजूने. तीन: थोरला बुजवू नये. त्याला कठडा घालून तो बेडकांना राहू द्यावा. “त्यातल्या एकाशी माझी समक्ष ओळख आहे,” नाना म्हणाले.

निरीक्षकांनी टाळी वाजवली. मॅडमनी भुवया उंचावल्या. “आजोबा, या तर सूचना झाल्या. चांगल्या आहेत. यात हरकत कुठे आहे?”

“हरकत म्हटलं नसतं,” नाना म्हणाले, “तर तुम्ही आला असता का?”

 चार नंबरचा कारकून स्वतःच्या बुटांकडे फार लक्ष देऊन पाहत होता.

“चौतीस वर्षं मी आवक-जावक सांभाळलं,” नाना म्हणाले. “ज्या कागदावर कोणी भांडत नाही तो कागद कोणी उघडत नाही. तक्रार आली की उत्तर द्यावं लागतं, तारीख पडते. हे आमचे जावई. एकशे बारा माणसांच्या दारात जाऊन आले आणि एकशे बारा माणसांना गप्प करून आले. फाइल कपाटावर जाणार नाही तर कुठे जाणार? एक भांडणारा माणूस कमी पडत होता. तो घरात बसून होता.”

मॅडम हसल्या. आधी जरा, मग मोकळ्या. हायकोर्टांनी फाइल बंद केली आणि माझ्या कानाशी म्हणाले, “मी तुम्हाला हेच सांगणार होतो.” मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“पंधरा दिवसांत आदेश निघेल,” मॅडम कारकुनाला म्हणाल्या. “फाइल माझ्या टेबलावर. आजच.”

लोक पांगायला लागले. नानांनी रानाकडे पाहिलं. “आलोच आहोत तर...” ते म्हणाले. बायकोने तोंड फिरवलं आणि पदराने डोळे पुसले. मी खुर्ची वाटेला लावली.

थोडं आत गेल्यावर मी विचारलं, “मला आधी सांगितलं असतंत तर?”

“तर तुम्ही माझीही ना-हरकत घेतली असती,” नाना म्हणाले. मग म्हणाले, “एकशे बारा दारं वाजवलीत माझ्यासाठी. मी नुसतं एक पाकीट चिकटवलं.” मी उगाचच खुर्चीचा ब्रेक तपासला.

आदेश पंधरा दिवसांत निघाला नाही, एकवीस दिवसांत निघाला. नानांनी तारीख मोजली आणि स्मरणपत्राचा मसुदा तयार ठेवला होता, तो पाठवायची वेळ आली नाही. पुढच्या महिन्यात रोलर आला. खडी दाबली गेली. चराच्या बाजूने पट्टी झाली, थोरल्याला कठडा झाला, आणि कोणीतरी एक बाकही ठेवला, पाठ टेकायचा. काकू म्हणतात त्यांच्या शेऱ्यामुळे. असेल.

काम झाल्यावरच्या पहिल्या रविवारी आम्ही गेलो. गाडीपासून रानाच्या वाटेपर्यंत खुर्ची एका दमात गेली. मी उगाच एकदा मागे नेऊन पुन्हा आणली, मजा वाटली म्हणून. नाना कठड्यापाशी थांबले, आत वाकून पाहिलं, ओळखीचं कोणी दिसतंय का म्हणून. मग म्हणाले, “तो तुमचा सह्यांचा कागद आहे का?”

माझ्याकडची प्रत गाडीतच होती. नानांनी पेन काढलं आणि पहिल्या कोऱ्या ओळीत नाव लिहिलं, सही केली, तारीख घातली. मग शेऱ्याच्या रकान्यात बराच वेळ लिहीत बसले. मी मागून डोकावलो. डब्यांवरच्या त्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘संमती आहे. अट एकच. दर रविवारी, पाऊस असो नसो, जावयांनी ढकलत न्यावे.’

मी कागद घडी करून खिशात ठेवला आणि खुर्चीला हात लावला. त्या दिवशी घरी आल्यावर नानांनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. मीही खाल्ल्या.